एका हंगामाचे दोन विजेते

१९८२ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला सॉफ्टबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद दोन संघांनी मिळवले. ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथे ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाला मिळाले, आणि नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या, म्हणजे यूसीएलएच्या संघाला. दोन्ही स्पर्धा राष्ट्रीय होत्या, दोन्ही विजेतेपदे अधिकृत होती. तरीही या दोन विजयांचे पुढचे आयुष्य सारखे झाले नाही. ओमाहाचा विजय एका परंपरेचे पहिले पान ठरला. नॉर्मनचा विजय दुसऱ्या एका परंपरेचे शेवटचे पान. आणि ज्या वहीचे ते शेवटचे पान होते ती वहीच पुढे फडताळात मागे सरकवली गेली.

साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना 'पहिला' हा शब्द पाहिला की थोडे सावध व्हायची सवय असते. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ला (१८५७) आपण पहिली मराठी कादंबरी म्हणतो तेव्हा 'कादंबरी' कशाला म्हणायचे याचा निवाडा आधीच करून ठेवलेला असतो. 'पहिले' हे विशेषण वस्तूच्या अंगी नसते, मोजणाऱ्याच्या अंगी असते. १९८२ च्या त्या हंगामाकडे आम्ही वळलो ते याच कारणाने. खेळ आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु इतिहासलेखन आहे. एखादी संस्था मोजणी कुठून सुरू करते आणि त्यामुळे कोण इतिहासाच्या आत येते, कोण उंबऱ्याबाहेर राहते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण सहसा सापडत नाही.

आधी खेळाविषयी थोडे. आपल्याकडील शालेय आणि आंतरविद्यापीठीय स्पर्धांत सॉफ्टबॉल आहे, त्यामुळे शब्द तरी परका नाही. मात्र वर्गात विचारले तर 'मुलींचे बेसबॉल' असे उत्तर येते. ते इतिहासाच्या दृष्टीने चूक आहे. १८८७ साली शिकागोत एका बोट क्लबाच्या सभागृहात, फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या पुरुषांनी बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा घेऊन हा खेळ सुरू केला. बऱ्याच काळापर्यंत तो बंदिस्त जागेतले बेसबॉल म्हणूनच ओळखला जाई. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ सालचे. चेंडूचा परीघ बारा इंच, बेसबॉलहून मोठा. आणि नावात 'सॉफ्ट' असले तरी तो मऊ मुळीच नाही. बेसबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर ९० फूट, इथे ६० फूट. बेसबॉलचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. १९८२ साली महाविद्यालयीन महिला पिचर फक्त ४० फुटांवरून फेकत असे, तोही खांद्याखालून, पवनचक्कीच्या पात्यासारखा हात पूर्ण फिरवून. क्रिकेटच्या यष्टीपासून यष्टीपर्यंतचे अंतर ६६ फूट असते, हे लक्षात घेतले म्हणजे चाळीस फूट म्हणजे काय याचा अंदाज येतो. बॅट हाती असलेल्या मुलीला विचार करायला वेळच उरत नाही. परिणामी त्या काळातला सॉफ्टबॉल हा पिचरच्या सत्तेचा खेळ होता. धावा मिळत नसत. ठरलेले सात डाव संपत आणि फलकावर दोन्ही बाजूंना शून्य असे, मग आठवा, नववा, दहावा डाव चाले. पुढे येणारे गुणफलक वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

महिला महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली नाही. ती १९६९ साली ओमाहा येथे सुरू झाली. नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा शाखेतील कॉनी क्लॉसेन या प्रशिक्षिकेचा त्यात मोठा वाटा होता. पुरुषांची महाविद्यालयीन बेसबॉल स्पर्धा १९५० पासून त्याच शहरात भरत होती, तिचे नाव 'कॉलेज वर्ल्ड सीरीज'. त्याला 'विमेन्स' हा शब्द जोडून महिलांच्या स्पर्धेचे नाव तयार झाले. नावापुढे लिंगवाचक शब्द फक्त एकाच बाजूला लागतो, हे मराठी वाचकाला 'लेखिका' आणि 'स्त्री-साहित्य' या शब्दांमुळे चांगलेच परिचित आहे. असो.

पहिल्या तिन्ही वर्षी, १९६९, १९७० आणि १९७१ साली, ही स्पर्धा जिंकली ती जॉन एफ. केनेडी कॉलेज नावाच्या एका छोट्या महाविद्यालयाने. ते नेब्रास्कातच, वाहू नावाच्या गावात होते. १९६५ साली निघाले आणि १९७५ साली बंद पडले. केवळ दहा वर्षांचे आयुष्य. पण त्या दहा वर्षांत या महाविद्यालयाच्या मुलींनी तीनदा राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धा जिंकली आणि त्यांच्या बास्केटबॉल संघाने १९७३ साली चीनचा दौरा केला, तोही अमेरिका आणि चीन यांचे राजनैतिक संबंध अजून पूर्णपणे जुळलेले नसताना. आज या महाविद्यालयाचे नाव अमेरिकेतही थोड्यांनाच आठवत असेल. महाविद्यालय उरलेले नाही आणि त्याने जिंकलेली स्पर्धा एनसीएएच्या मोजणीत येत नाही, असा हा दुहेरी विसर आहे. पुढे अ‍ॅरिझोना स्टेट, मिशिगन स्टेट, नॉर्दर्न आयोवा, टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटी असे वेगवेगळे विजेते होत गेले. १९७८ साली यूसीएलए जिंकली. १९८० आणि १९८१, दोन्ही वर्षी यूटा स्टेट. म्हणजे ज्या स्पर्धेला 'पहिली' म्हणतात तिच्या आधी तेरा स्पर्धा होऊन गेल्या होत्या.

मग १९८२ साली नवे काय झाले? मालक बदलला.

महाविद्यालयीन क्रीडाजगताची सर्वांत बलाढ्य संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, एनसीएए. तिचा जन्म १९०६ सालचा आणि पहिली पंचाहत्तर वर्षे तिने महिलांसाठी एकही राष्ट्रीय स्पर्धा घेतली नव्हती. ही पोकळी भरली महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकांनी. त्यांनी १९७१ साली असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक्स फॉर विमेन ही संस्था उभी केली. नाव लांबलचक आहे, म्हणून यापुढे आम्ही तिला 'महिला संघटना' म्हणू. दहा वर्षांत तिची सदस्यसंख्या नऊशे महाविद्यालयांच्या वर गेली. ती महिलांनी चालवलेली होती, आणि पुरुषांच्या क्रीडाव्यवस्थेचे अनुकरण करायचे नाही हा तिचा जाहीर आग्रह होता. एनसीएएच्या पद्धतीत मोठ्या महाविद्यालयांचे प्रशिक्षक गावोगाव फिरून अठरा वर्षांच्या मुलांना आमिषे दाखवत, हे त्या प्राध्यापिकांनी जवळून पाहिले होते. आपल्या मुली आधी विद्यार्थिनी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. खेळाडूंच्या शोधार्थ भटकण्यावर त्यांनी बंधने घातली. संघटनेच्या समित्यांत विद्यार्थिनींना जागा दिली. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात गेलेल्या मुलीला वर्षभर बाहेर न बसवता लगेच खेळू दिले.

या आदर्शाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण नंतरच्या काळात या संघटनेविषयी जे हळवे लिहिले गेले त्यात ती गाळली जाते. आरंभी संघटनेचा नियम असा होता की क्रीडा-शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला तिच्या स्पर्धांत खेळता येणार नाही. हेतू उदात्त होता, खेळाचा बाजार होऊ नये. परिणाम काय झाला? ज्या मुलीच्या घरी शिक्षणाचा खर्च परवडत नव्हता तिच्यापुढे मुलांना उघडा असलेला दरवाजा बंद राहिला. फ्लोरिडातील मेरीमाउंट कॉलेजच्या फर्न केलमायर यांनी जानेवारी १९७३ मध्ये या नियमाविरुद्ध खटला गुदरला आणि त्याच वर्षी संघटनेला नियम बदलावा लागला. निःस्पृहता परवडणाऱ्यांनी ती न परवडणाऱ्यांवर लादावी, हा प्रकार आपल्या साहित्यव्यवहारालाही नवा नाही. मानधन मागणाऱ्या लेखकाकडे आपण कसे पाहतो ते आठवावे.

आता कायद्याकडे. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक दुरुस्ती कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील नववे प्रकरण 'टायटल नाइन' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यामागे हवाईच्या पॅट्सी मिंक, ओरेगॉनच्या एडिथ ग्रीन आणि इंडियानाचे सिनेटर बर्च बे यांचे परिश्रम होते. त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे. आशय असा, की संघराज्य सरकारचे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमातून कोणालाही लिंगाच्या आधारावर वगळता येणार नाही, त्याचे लाभ नाकारता येणार नाहीत, भेदभाव करता येणार नाही. त्या ३७ शब्दांत 'खेळ' हा शब्द नाही. 'मैदान' नाही, 'संघ' नाही. संहितेत जे लिहिलेले नाही ते वाचकांनी तिच्यातून वाचून काढले, याचे इतके परिणामकारक उदाहरण आम्हांला तरी दुसरे ठाऊक नाही. हा अर्थ सर्वांत आधी ओळखला तो, गंमत म्हणजे, ज्यांना तो नको होता त्यांनी. फुटबॉलच्या उत्पन्नाला धक्का लागेल या भीतीने एनसीएएने १९७४ साली उत्पन्न देणारे खेळ कायद्यातून वगळण्याच्या दुरुस्तीला पाठबळ दिले; ती बारगळली. १९७६ साली तिने थेट सरकारवर खटला भरला. १९७८ साली तोही फेटाळला गेला.

शाळांमध्ये मात्र कायद्याने आपले काम सुरू केले होते. १९७१–७२ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलींची नोंदलेली संख्या २,९४,०१५ होती. मुलांची सुमारे ३६ लाख ६७ हजार. दहा वर्षांनी मुलींचा आकडा अठरा लाखांच्या घरात गेला. या मुली आता महाविद्यालयांच्या दारात उभ्या होत्या. आणि महिलांचे खेळ थांबवता येत नाहीत हे कळल्यावर एनसीएएने ते ताब्यात घ्यायचे ठरवले.

जानेवारी १९८१ मध्ये मायामी बीच येथे भरलेल्या एनसीएएच्या अधिवेशनात सर्वोच्च विभागातील महिलांच्या स्पर्धा सुरू करण्याचा ठराव आला. पहिल्या मतदानात मते समसमान पडली. नंतरच्या मोजणीत ठराव निसटता पडला. मग फेरविचाराची मागणी झाली आणि तो मंजूर झाला. बहुसंख्य मतदार पुरुष होते, हे वेगळे सांगायला नको. एनसीएएने देऊ केलेल्या अटी कोणत्याही महाविद्यालयाच्या हिशेबनिसाला मोहात पाडतील अशा होत्या: महिलांसाठी वेगळी वर्गणी नाही, राष्ट्रीय स्पर्धेला येणाऱ्या संघाचा प्रवासखर्च संस्था देणार, आणि दूरचित्रवाणी हाताशी. महिला संघटनेला यांतले काहीच परवडणारे नव्हते.

त्या वेळी संघटनेच्या अध्यक्षपदी डॉना लोपियानो होत्या, आणि इथे आमच्या कथेत सॉफ्टबॉल पुन्हा येतो. लोपियानो टेक्सास विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाच्या संचालिका होत्या. त्याआधी त्या देशातील नामांकित सॉफ्टबॉल पिचर होत्या. अकरा वर्षांच्या असताना मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये त्यांची निवड झाली, आणि नियमपुस्तकात मुलींना मज्जाव असल्याचे दाखवून त्यांना रांगेतून बाहेर काढण्यात आले. (तो मज्जाव उठायला १९७४ साल उजाडले.) मग त्या कनेक्टिकटमधील रेबेस्टोस ब्रेकेट्स या संघात गेल्या. हे नाव मजेदार आहे: रेबेस्टोस ही मोटारींच्या ब्रेकचे अस्तर बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या पुरस्कृत संघाच्या मुली 'ब्रेकेट्स'. महाविद्यालयांनी दखल घेण्याच्या कितीतरी आधी कारखान्यांनी पोसलेल्या अशा संघांमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल वाढला. यूसीएलएच्या प्रशिक्षिका शॅरन बॅकस याही ब्रेकेट्सच्याच खेळाडू. म्हणजे १९८२ च्या झगड्यात, बुडणाऱ्या संघटनेची धुरा वाहिलेली बाई आणि तिच्या प्रतिस्पर्धी संस्थेची पहिली स्पर्धा जिंकणारी बाई, दोघी एकाच कारखान्याचा गणवेश घालून गेलेल्या होत्या. यावरून बॅकस यांना फितूर ठरवण्याचा मोह कोणाला झाला तर तो आवरावा. कोणत्या स्पर्धेला जायचे हे प्रशिक्षिका ठरवत नसत, विद्यापीठ ठरवत असे.

१९८२ चा हंगाम सुरू झाला तेव्हा महाविद्यालयांपुढे दोन निमंत्रणे होती. ऑक्टोबर १९८१ मध्येच महिला संघटनेने एनसीएएवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला दाखल केला होता; परंतु निकाल लागेपर्यंत स्पर्धा रोखून धरण्याची तिची मागणी मान्य झाली नाही. मार्चमध्ये बास्केटबॉलचे दोन अंतिम सामने झाले. एनसीएएचा सामना, लुइझियाना टेक विरुद्ध चेनी, सीबीएसने देशभर दाखवला. महिला संघटनेचा सामना फिलाडेल्फियात झाला, रट्गर्सने टेक्सासला, म्हणजे लोपियानो यांच्याच विद्यापीठाला, हरवले. एनबीसीशी केलेला करार कोसळलेला असल्याने तो दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांपर्यंत तसा पोहोचला नाही. सॉफ्टबॉलच्या वेळी परिस्थिती याहून बिकट होती. सॉफ्टबॉलकडे तसेही कॅमेरे फारसे वळत नसत.

नॉर्मनच्या अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एमने ओक्लाहोमा स्टेटला हरवले. हे विद्यापीठ मुळात पुरुषांचे लष्करी शिस्तीचे महाविद्यालय. १९६३ पर्यंत तिथे मुलींना नियमित प्रवेशच नव्हता आणि त्यानंतरही काही वर्षे तो मर्यादित राहिला. वीस वर्षांच्या आत त्याच विद्यापीठाच्या मुली राष्ट्रीय विजेत्या झाल्या. संघाचे प्रशिक्षक होते बॉब ब्रॉक. महिलांनी महिलांसाठी चालवलेल्या संघटनेचे शेवटचे सॉफ्टबॉल विजेतेपद एका पुरुषाने प्रशिक्षण दिलेल्या संघाला मिळावे, यात कुणाला काव्यगत न्याय दिसेल, कुणाला उपरोध. आम्हांला त्यात एका मोठ्या बदलाची खूण दिसते. तिच्याकडे पुढे वळू.

ओमाहाच्या सीमूर स्मिथ पार्कमध्ये यूसीएलएची गाठ फ्रेझ्नो स्टेटशी पडली. सात डाव संपले, शून्य विरुद्ध शून्य. आठव्या डावात यूसीएलएने दोन धावा काढल्या आणि सामना २–० असा जिंकला. त्यांची पिचर डेबी डूम, आणि शॉर्टस्टॉपच्या जागी डॉट रिचर्डसन. रिचर्डसन यांचीही बालपणीची गोष्ट लोपियानो यांच्या गोष्टीची जुळी बहीण वाटावी अशी आहे: दहा वर्षांच्या असताना मुलांच्या संघाच्या एका प्रशिक्षकाने त्यांना घ्यायची तयारी दाखवली, पण केस कापायचे आणि नाव 'बॉब' सांगायचे या अटीवर. त्यांनी नकार दिला. १९९६ साली ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉलचा प्रथमच समावेश झाला तेव्हा चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात (३–१) निर्णायक होम रन याच रिचर्डसन यांच्या बॅटमधून आला. तोपर्यंत त्या अस्थिरोगतज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणात होत्या. सुवर्णपदक घेऊन रुग्णालयात कामावर परतल्या.

रिचर्डसन यांच्या बाबतीत एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. त्या १९८० चा हंगाम वेस्टर्न इलिनॉय विद्यापीठाकडून खेळल्या आणि १९८१ चा यूसीएलएकडून. मधले वर्ष बाहेर बसावे लागले नाही, कारण तेव्हा नियम महिला संघटनेचे होते. एनसीएएच्या राज्यात प्रमुख खेळांतील विद्यार्थ्यांना महाविद्यालय बदलल्यावर वर्षभर बसून काढावे लागे, आणि एनसीएएने ही अट सर्व खेळांसाठी एकदा सैल केली ती २०२१ साली. विद्यार्थ्याला इतर कुणाही विद्यार्थ्याप्रमाणे संस्था बदलता यावी, हा विचार चाळीस वर्षांनी क्रांतिकारक म्हणून वर्तमानपत्रांत छापून आला. तो आधी कुणी मांडला, अमलात आणला आणि कुणी मोडीत काढला, हे छापणारे थोडेच होते.

३० जून १९८२ रोजी महिला संघटनेने आपले काम थांबवले. म्हणजे नॉर्मनमधल्या विजयानंतर जेमतेम महिन्याभराने. १९८३ साली खटल्याचा निकाल एनसीएएच्या बाजूने लागला, १९८४ साली अपिलातही तोच कायम राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या प्रकरणात टायटल नाइनचा अर्थ आक्रसून टाकला: सरकारी पैसा ज्या विशिष्ट कार्यक्रमाला मिळतो तेवढ्यापुरताच कायदा लागू. क्रीडा विभागांना असा थेट पैसा क्वचितच मिळे, त्यामुळे ते व्यवहारात मोकळे सुटले. ही पळवाट बुजवायला १९८८ साल उजाडावे लागले, तेही राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार संसदेने ओलांडला तेव्हा. महिलांची स्वतःची संघटना गेलेली आणि कायदा लंगडा पडलेला, अशी मधली चार वर्षे होती.

या विलीनीकरणात (विलीनीकरण हा सभ्य शब्द झाला) कुणी काय मिळवले आणि काय गमावले याचा हिशेब सोपा नाही. मुलींना मिळाले हे नाकारण्यात अर्थ नाही: प्रवासखर्च, शिष्यवृत्त्या, कालांतराने हजारोंचे प्रेक्षागृह आणि दूरचित्रवाणी. खेळाडूंपैकी अनेकींना हेच हवे होते, आणि आपल्या प्राध्यापिकांच्या तत्त्वनिष्ठेपायी त्यांनी सेकंडहँड गणवेशांत किती वर्षे खेळायचे, हा प्रश्न रास्त होता. गमावले ते प्राध्यापिकांनी. टायटल नाइन संमत झाले त्या वर्षी महिलांच्या महाविद्यालयीन क्रीडा विभागांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विभागांच्या प्रमुख महिला होत्या. १९८४ पर्यंत हे प्रमाण सुमारे सतरा टक्क्यांवर आले. महिला संघांना प्रशिक्षण देणाऱ्या महिलांचे प्रमाणही १९७२ साली नव्वदच्या वर होते, ते १९७८ पर्यंतच साठच्या खाली घसरले. पदाला पगार आणि प्रतिष्ठा येताच त्या पदावर पुरुष येऊ लागले. म्हणजे ही घसरण १९८२ च्या आधीच सुरू झाली होती. एनसीएएने ती निर्माण केली नाही, पूर्ण केली. बॉब ब्रॉक यांच्याबद्दल वर जे म्हटले ते या संदर्भात. त्यांच्या योग्यतेविषयी प्रश्नच नाही. ते पुढे सिद्धच झाले.

आता पुन्हा मोजणीकडे. एनसीएएच्या विजेत्यांच्या यादीची पहिली ओळ आहे: १९८२, यूसीएलए. त्या यादीप्रमाणे यूसीएलएची सॉफ्टबॉलमधील विजेतेपदे बारा. १९७८ चे धरले तर तेरा. आणि १९९५ साली मैदानावर जिंकलेले, पण शिष्यवृत्तींची मर्यादा ओलांडल्याबद्दल एनसीएएने काढून घेतलेले विजेतेपद धरले तर चौदा. एक विजेतेपद नियम मोडल्यामुळे गेले. दुसरे, नियम करणारी संस्थाच मोडल्यामुळे. पहिल्याला निदान कारण आहे.

हा केवळ जुन्या वहीखात्यांचा वाद नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क हिने महिलांमधील सर्वाधिक गुणांचा एनसीएए विक्रम मोडला, तेव्हा अनेकांनी आठवण करून दिली की कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्ड यांचे ३,६४९ गुण त्याहून जास्त आहेत. वुडर्ड १९७७ ते १९८१ या काळात खेळल्या. अर्थातच महिला संघटनेच्या स्पर्धांत, कारण दुसऱ्या स्पर्धा नव्हत्याच. क्लार्कने त्याच महिन्याच्या अखेरीस तो आकडाही ओलांडला. दोन आठवड्यांच्या अंतराने एकाच मुलीने एकच विक्रम दोनदा मोडला, असे दृश्य दिसले. कुठला विक्रम खरा, असे पत्रकार विचारत राहिले. प्रश्न खरेखोटेपणाचा नव्हता, वहीच्या मालकीचा होता.

आणि २०२१ साली ओक्लाहोमा सिटीत भरलेल्या सॉफ्टबॉलच्या अंतिम फेरीत एक बाद सामना पहाटे दोननंतर संपला. वेळापत्रकात पावसासाठी सवड ठेवलेली नव्हती. पुरुषांच्या बेसबॉल स्पर्धेला ती होती. त्याच वर्षी एनसीएएच्या सांगण्यावरून एका विधिसंस्थेने केलेल्या पाहणीत दोन्ही स्पर्धांमधील अशा तफावती नोंदवल्या गेल्या आणि २०२२ च्या स्पर्धेचे दिवस वाढवण्यात आले. १९८१ च्या मतदानाआधी लोपियानो आणि त्यांच्या सहकारी ज्या शंका मांडत होत्या त्या नेमक्या याच जातीच्या होत्या: आम्हांला घरात घ्याल, पण ताट कुठे वाढाल?

१९८२ च्या दोन विजेत्यांपैकी सरस कोण, हे त्या वर्षी ठरू शकले नाही. ते एकमेकांसमोर आलेच नाहीत. नॉर्मनच्या विजयाला कमअस्सल मानणाऱ्यांना उत्तर मिळायला मात्र फार काळ लागला नाही. १९८३ साली टेक्सास ए अँड एम एनसीएएच्या स्पर्धेत उतरली आणि कॅल स्टेट फुलर्टनला बाराव्या डावात २–० असे हरवून जिंकली. १९८४ साली ओमाहातच अंतिम सामन्यात ए अँड एम आणि यूसीएलए समोरासमोर उभ्या राहिल्या. सात डावांचा सामना तेरा डाव चालला. एकच धाव झाली, ती यूसीएलएची. १९८७ साली पुन्हा त्याच दोन संघांत अंतिम सामना झाला आणि या वेळी ए अँड एमने तो ४–१ असा घेतला. पुढच्या वर्षी पिचरला तीन फूट मागे, त्रेचाळीस फुटांवर नेण्यात आले, आणि स्पर्धा ओमाहा सोडून कॅलिफोर्नियातील सनीव्हेलला गेली.